शुक्रवारचा प्लॅन

तर ऐका, त्या सोमवारी सुगतने पक्कं ठरवलं होतं की आज 'बंद' बोलायचं. बस, एक शब्द. बेलापूरच्या त्याच्या ऑफिसात, जिथे दिवसभर कंटेनरचे कागद तपासतात, चार दिवसांच्या आठवड्याची ट्रायल संपत होती. रोज दहा तास काम, आणि शुक्रवारपासून सुट्टी. सगळे खूश. पण शुक्रवारी फोन कोणी उचलत नाही म्हणून क्लायंट कुरकुरत होते, आणि अभय सर, म्हणजे त्यांचे बॉस, बोलले होते, "एकाला जरी खरी अडचण असेल ना, तर परत पाच दिवस. मीटिंगमध्ये प्रत्येकाने सांगायचं, चालू का बंद."

आता सुगतची अडचण काय, तर तो कामोठ्यात एकटा राहतो. घरचे सगळे हिंगोलीकडे. रूम पार्टनर होता, त्याचं लग्न झालं, गेला. ऑफिस असेपर्यंत बरं चालायचं, चहा, टिंगलटवाळी, उन्नतीच्या डब्यातलं सुकट. पण गुरुवारी कुलूप उघडून आत आला की जी शांतता सुरू व्हायची ती थेट सोमवारपर्यंत. एका शुक्रवारी तर मॉलमध्ये सेल्समन जवळ आला, तेच त्याला इतकं बरं वाटलं की उगाच मिक्सरबद्दल विचारत बसला. घ्यायचा नव्हताच.

आणि वेडेपणा बघा, सोमवारी कोणी विचारलं, "काय केलं मग?" की हा बोलायचा, अलिबाग. नाहीतर कर्जत, जुने मित्र, फुल धमाल. एकदा थाप मारली आणि मग मारतच गेला.

मीटिंगच्या आधी पॅन्ट्रीत उन्नती भेटली. दिवाळे गावची, त्याच्याच टीममधली, तोंडाने फटकळ.

"तू चालूच बोलनार ना? गपचूप चालू बोल हां. बाकीचे दिवस माजी पोरगी मला झोपलेलीच दिसते रे. पन शुक्रवारी शालेच्या गेटवर मला बघून अशी धावते ना..."

सुगत मनात बोलला, अरे, पाच दिवस झाले तर ही रोज लवकर सुटेल, रोज पोरगी जागी भेटेल. चुकीचं काय होतं त्यात? पण ते त्याने तिला विचारलं नाही.

मीटिंग सुरू झाली. रूपेश चालू, अस्मिता चालू, उन्नती "चालू सर, चालूच". मग सुगत. त्याने तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. घोगरं, फाटकं, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसलं काहीतरी. कारण गुरुवारपासून तो कोणाशी बोललाच नव्हता, पार्सलवाल्याला "भैया, बाहर रख दो" सोडून.

रूपेश टेबलावर हात मारून हसला. "सर, याची अजून उतरलेली नाही. कुठे होतास रे, अलिबाग?"

सगळे फुटले. अभय सर पण. "याला काय विचारायचं, याचं तर डबल चालू," बोलले आणि पुढच्याकडे वळले.

सुगत थांबवू शकत होता. पाणी प्यायला, आवाज परत आला पण. पण आता 'बंद' बोलायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं म्हणजे अलिबाग, कर्जत, सगळंच उघडं. चार दिवसांचा आठवडा कायम झाला, टाळ्या वाजल्या, त्याने पण वाजवल्या.

बाहेर पडताना उन्नतीने गाठलं. "थँक्यू हां. या शुक्रवारी तुला जेवायला बोलवायचं मनात होतं. आई पापलेट करते, पोरगीला पन कोनीतरी खेलायला लागतं. पन तू कुटला गावतोस."

सुगतच्या अगदी ओठावर आलं, मी येतो, मी घरीच असतो.

"हां ना," तो हसला. "या शुक्रवारी माथेरान."

"मजा हाय बाबा तुजी," ती बोलली, आणि पोरीला फोन लावत जिना उतरून गेली.