मोज्यांतली मैफल

हॅरोच्या चर्चमध्ये ऋजुता आज विटकम नावाच्या म्हाताऱ्या संगीतकाराची नवी रचना ऑर्गनवर वाजवणार होती, तीही साक्षात त्यांच्यासमोर! आवडली, तर ग्लासगोची मैफलही तिचीच. पण पायांनी खर्जाची पेडल्स वाजवायचे खास बूटच गायब!

"बाबा, माझे बूट?"

"देवासमोर बूट? मी बाहेर काढून ठेवले होते. आता दिसत नाहीयेत बुवा."

"बाबाऽऽ!"

झालं, बिचारी लोकरी मोज्यांवरच वाजवायला बसली. शेवटच्या संथ स्वरावर पाय सर्रकन घसरला आणि म्हशींचा अख्खा कळप रेकावा तसे खर्जातले झाडून सगळे स्वर घुमले. ऋजुताने डोळे गच्च मिटले.

विटकमआजोबा हसून हसून डोळे पुसत उठले. "आयुष्यभर हाच शेवट शोधत होतो, पोरी! ग्लासगोलाही मोजेच घाल."