आधी तुम्ही सांगा

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पळसाची पानं दाबून ताटल्या करत. तिथं खरेदी बघणारी प्राची भोईर दर तीन महिन्यांनी एकेका पुरवठादाराला बोलावून आढावा घ्यायची. गुणपत्रक पडद्यावर लावायचं, वेळेवर किती माल आला, किती नापास झाला ते वाचायचं, खाली सही घ्यायची. पाऊण तासात मिटिंग आटोपायची, आणि आपण काम चोख करतो असं तिला मनापासून वाटायचं.

बारवी धरणाच्या अंगाला एका ठाकरवाडीतून पानं येत. तिथल्या बायकांच्या गटाची प्रमुख पुतळी. तीन मिटिंगांना ती आली, एसीच्या गारठ्यात पदर लपेटून बसली, प्रत्येक आकड्याला "व्हय" म्हणाली आणि सही करून गेली. पानं मात्र पुन्हा उशिरा, पुन्हा कडेला चिरलेली. शंभरात एक्केचाळीस गुण.

"या खेपेला सुधारलं नाही तर दुसरं कोणी बघू," तिचे वरिष्ठ, शशिकांत साहेब म्हणाले.

चौथ्या मिटिंगची तयारी करताना प्राचीनं जुनी टिपणं काढली. पहिल्याच पानावर तिच्याच अक्षरात होतं : 'पुतळी, टेम्पोबद्दल काहीतरी. शेवटी घेऊ.' शेवटी काय घेतलं, ते कुठंच नव्हतं. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिनं टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडला, की या वेळी मीच वाडीवर येते.

बदलापूरच्या कात्रपहून स्कूटर काढली तेव्हा रस्त्याला गर्दी होती. धरण मागं पडलं तशी ती विरत गेली. वाडीत मोहाच्या झाडाखाली आठ-दहा बायका बसून पानं जुळवत होत्या. सुकत घातलेल्या पानांचा कडसर, गोड वास. ऊन पानांतून झिरपून खाली सांडलेलं, आणि वारा आला की सगळं अंगणच संथ पाण्यासारखं हलायचं. प्राचीनं गुणपत्रक पिशवीतून काढलं आणि न उघडताच परत ठेवलं.

"पुतळीताई, आज आधी तुम्ही सांगा. आमच्यामुळं तुमचं काय अडतं?"

एरवी तिनं तीन सेकंदांत पुढचा मुद्दा घेतला असता. आज ती थांबली. कुठंतरी कवडा घुमत होता. बायकांचे हात चालूच होते, पानावर पान, बारीक काडीचा टाका. ती शांतता इतकी लांबली की आपण मिटिंगला आलोय हेच प्राची विसरली. डोळ्यांवर मऊ गुंगी चढली.

"तुमचा टेंपो दुपारचा येतो, बाय," म्हातारी जनी म्हणाली. "सकाळी दवात पान मऊ असतं. भर उन्हात गठ्ठा आवळला का कडंला चिरतं."

"हे कधीपासून?"

"पयल्यापासून," पुतळी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी सांगत होते. तुमी म्हनलात, शेवटी. मंग सहीच आली."

"चुकलं माझं," प्राची म्हणाली. "आणि उशीर?"

पुतळीनं कमरेचा फोन काढून दाखवला. कंपनीची ऑर्डर गुरुवारी फोनवर यायची. वाडीत रेंज नाही. शनिवारी ती बाजाराला बदलापूरला उतरली की तिथं मेसेज वाजायचा. दोन दिवस तिथंच गेलेले.

त्यांनी तिथंच ठरवलं. टेम्पो सकाळी सहाला येईल, आणि पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरचा आकडा ड्रायव्हर चिठ्ठीवर आणेल. वाडीनंही एक कबूल केलं, की चिरलेली पानं गठ्ठ्यात मधोमध लपवायची नाहीत. त्यावर दोघीतिघी खाली बघून हसल्या.

स्टोअरच्या यज्ञेशला सांगायला प्राची रेंजसाठी टेकाडावर चढली.

"सहाला? गाडी सातला इथं पोचणार, गेट कोण उघडणार?" तो करवादला.

"पहिले पंधरा दिवस मी उघडते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती उतरली नाही. खाली धरणाचं पाणी आभाळाएवढं पसरलं होतं, आणि त्यात डोंगर उलटे झोपले होते.

पुढच्या तीन महिन्यांत चिरलेली पानं शंभरात अठरावरून पाचांवर आली. दोनदा उशीर झालाच, पण का झाला ते पुतळीनं आधी कळवलं. साहेबांनी दुसरा माणूस बघायचा विषय पुन्हा काढला नाही.

नव्या वेळेच्या पहिल्या दिवशी खेप कशी निघते ते बघायला प्राची पहाटेच टेम्पोतून वाडीवर गेली होती. परतताना ती ड्रायव्हरशेजारी बसली. धुकं इतकं दाट होतं की रस्ता टेम्पोच्या पुढंपुढं नव्यानं उमटत होता. मागून ओल्या पानांचा वास येत होता. आपण मोठ्या हिरव्या पानात गुंडाळले जातोय असं तिला वाटलं, आणि गेट उघडायचं आहे हे माहीत असूनही तिनं डोळे मिटून घेतले.