कललेला बाण

निळा ठिपका पुन्हा उमटला होता. दाढेच्या आतल्या कंगोऱ्यावर, तिळाएवढा, मघाच्या जागेपासून अगदी जरासा सरकून — जणू तिची खोडी काढायलाच. वरचा आणि खालचा प्लास्टरचा जबडा पितळेच्या बिजागरीवर बसवलेला, मध्ये निळा कागद धरायचा, साचा मिटायचा, जिथे निळं उमटेल तिथे दाढ उंच आहे असं समजून तेवढीच घासायची... सकाळपासून ती घासत होती. एक ठिपका गेला की शेजारी दुसरा. दाढ तर चांगली होती, हात लावावासा वाटू नये इतकी चांगली. मग तिने कंटाळून साचा डोळ्यांच्या रेषेत धरला, एक डोळा मिटला, आणि तिला दिसलं की वरचा जबडाच बिजागरीवर कलता बसलाय. केसभर. दाढेचा काही दोष नव्हता. ज्यावर ती बसवली होती तेच तिरकं होतं, आणि आपण सकाळपासून निरपराध दाढ झिजवतोय —

आणि तिचा हात थांबला. विजेवरची घासणी हवेत गुणगुणत राहिली.

बाण!

अगं बाई, बाण!

"काय गं, टोचलं का?" शेजारच्या टेबलावरून मेणवालीने विचारलं. मेणाचे दात कोरण्यात तिचा हात धरणारं या कृत्रिम दातांच्या कारखान्यात कुणी नव्हतं, म्हणून तिला सगळे मेणवाली म्हणत.

"नाही, काही नाही," ती म्हणाली. पण कानशिलं तापली होती, आणि आपण हसतोय हे तिला घासणीच्या चकचकीत दांड्यात दिसलं.

मेणवालीला काय सांगणार होती ती? घरी, पुढच्या खोलीतल्या संगणकावर, अवकाशयानांचा एक खेळ आहे. त्यात यानं जोडायची, उडवायची, ग्रहांभोवती फिरवायची, आणि वजन, इंधन, ओढ सगळं इतकं हिशेबशीर की जरा चुकलं तर यान कोसळतं. त्या खेळात लोक स्वतः घडवलेले सुटे भाग घालतात — टाक्या, पाय, इंजिनं. तसं एक इंजिन तिने घडवलं आहे, आणि ते गेले कित्येक आठवडे उडत नाहीये, आणि ते का उडत नाही ते तिला आत्ता, या परक्या माणसाच्या दाढेपाशी कळलंय. हे असं सलग सांगितलं तर मेणवाली कपाळाला हात लावून ताप बघेल.

सुरुवात तर अगदी सरळ झाली होती. पुढेमागे सगळे दात संगणकावरच घडवायचे आहेत असं कारखान्याचे सर म्हणाले होते, म्हणून तिने आकार घडवायचा एक फुकटचा प्रोग्राम घरी घेतला आणि सरावाला वरची एक दाढ केली. मुळांसकट. ती पडद्यावर फिरवता फिरवता उलटी झाली — तीन मुळं खाली, तीन पाय रोवल्यासारखी — आणि ती दाढ राहिलीच नाही. कुठल्याशा निर्जन जमिनीवर नुकतंच उतरलेलं काहीतरी झालं ते. ती बघतच राहिली. मग पायांच्या मध्ये एक नोझल हवं असं वाटलं, नोझल म्हणजे जिथून जाळ बाहेर पडतो ते घंटेसारखं तोंड. मग त्या नोझलला थंड ठेवणाऱ्या पन्हळी — त्या तिने दाढेवरच्या खाचा कोरतात तशाच कोरल्या, सवयीने. मग ते हळू जळणारं, हलकेच ढकलणारं पण ढकलतच राहणारं इंजिन असावं असं ठरलं, आणि त्यासाठी जोर किती, इंधन किती हे वाचता वाचता... दाढा राहिल्या बाजूला.

ते तिने एकदाचं लोकांसमोर ठेवलं, असे भाग घडवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फलक असतो तिथे. आणि दाढीवाल्याने — कुठल्या देशातला कोण जाणे, चित्रात नुसती दाढीच दिसते — ते उडवून बघितलं आणि एक ओळ लिहिली: दिसायला देखणं आहे, पण उडत नाही. जाळ लागला की यान भोवऱ्यासारखं फिरतं.

दिसायला देखणं! हे वाक्य तिला खड्यासारखं टोचलं होतं. किती दिवस ती नोझल घासत होती, वजनं बदलत होती, टाकी वर-खाली सरकवत होती. आणि आज संध्याकाळी दाढीवाला निवडक भागांच्या संचात नवं घेणं बंद करणार होता. जमलं तर पाठव, त्याने परवा लिहिलं होतं, नाहीतर पुढच्या वेळी. ती गप्प बसली होती, कारण पाठवण्यासारखं काही नव्हतं.

आता होतं! खेळाला इंजिन दिसत नाही ना, त्याला नुसता आकार दिसतो; जाळ कुठल्या दिशेने जातो ते सांगायला आकाराच्या पोटात एक अदृश्य बाण ठेवावा लागतो, आणि जोर त्या बाणाच्या रेषेत लागतो. अगदी सुरुवातीला तिने नोझल जरासं फिरवून सरळ केलं होतं. नोझल फिरलं. बाण... बाण बहुतेक तिथेच राहिला. मी नोझल घासतेय, घासतेय — आणि आतला बाण कललेला. रेषा यानाच्या तोलाच्या बिंदूतून जातच नाही, शेजारून जाते, मग ते फिरणार नाही तर काय करेल बिचारं!

तिने जबडा बिजागरीवरून सोडवला, नव्याने प्लास्टर कालवून सरळ बसवला, सुकेपर्यंत दातांवर बसवायच्या दुसऱ्या दोन टोप्यांना चकाकी दिली, आणि मग साचा मिटला तेव्हा निळं सगळ्या दाढेवर सारखं उमटलं. हात यंत्रासारखे चालत होते आणि मन कधीच घरी पोचलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबणं? शक्यच नव्हतं. समजा तोवर विसरले — कसं विसरेन? — समजा वीज गेली, समजा दाढीवाल्याची संध्याकाळ आपल्या आधी होत असेल...

"सर, मी आज लवकर जाऊ का? माझी दाढ ठणकतेय."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "दातांच्या कारखान्यात दाढ ठणकते? बाहेर बोलू नकोस बाई, गिऱ्हाईकं पळतील." आणि मग, "जा, जा. गाल लाल झालाय तुझा."

लाल झालाच होता. ती जिना उतरली तो जवळजवळ धावतच. रस्त्यावर दुपार रेंगाळत होती, चौकात रस्ता खणून ठेवलेला, कुणीतरी खिडकीतून चादर झटकत होतं, आणि या सगळ्यांच्या मधून ती एक गुपित घेऊन चालली होती — भरलेली घागर न्यावी तसं, सांडू नये म्हणून जपून आणि तरी भराभर — आणि तिला वाटलं, आयुष्यात आपण किती दात केले असतील, प्रत्येक शेजारच्याशी जुळणारा, रंगाने, उंचीने, झिजेनेसुद्धा. कुणाच्या लक्षात आला नाही तरच चांगला. आणि हे इंजिन कुणी मागितलं नव्हतं. त्याला शेजारच नव्हता. म्हणूनच तर घरी बोलले नाही मी. ‘कामाचं शिकतेय’ एवढंच म्हटलं, खोटं असं नाही, पण... खिडकीच्या पडद्यांचे रंग दाखवले की नवरा जसं ‘छान आहे’ म्हणतो तसं याला म्हणाला असता तर? तेवढ्यानेच ते केवढंसं झालं असतं. संगणकावर बसलं की पाठ दाराकडे राहणार नाही अशी खुर्ची तिने कधीच फिरवून ठेवली होती.

दार उघडंच होतं. नवरा पुढच्या खोलीत जमिनीवर बसून टेबलपंख्याची जाळी पुसत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्या पाळ्या कधी बदलतील याचा नेम नसे.

"आज लवकर?" तो म्हणाला.

"हो... तूही?"

"पाळी बदलून घेतली. काय झालं? तोंड असं का?"

आता? चपला पायात तशाच ठेवून ती उभी राहिली. तो आत जाईपर्यंत थांबावं, जेवण करावं, काही आवरावं, मग... तो आत जाणार नव्हता. त्याने पंख्याचे सगळे स्क्रू खोलीभर मांडून ठेवले होते. आणि तिचे हात इतके शिवशिवत होते की ती स्क्रू ओलांडून संगणकापाशी गेली, बसली, आणि पाठ दाराकडे नसूनही तिला वाटलं की आपण पाठ उघडी टाकून बसलोय.

इंजिन पडद्यावर आलं. पन्हळी, पाय, नोझल. तो मागे येऊन उभा राहिला. ग्रीसचा वास आला.

"हे दात नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"मग?"

"इंजिन."

"कशाचं?"

"अवकाशयानाचं." तिने माऊस पुढे सरकवला. "खेळातलं. मी केलंय."

तो तिथेच उभा राहिला. त्याची नजर तिला पाठीवर जाणवत होती, पण आता थांबणं नव्हतं. तिने आकाराच्या पोटातला बाण उजळवून बघितला — आणि होता! कललेला होता! उगाच केसभर, त्या जबड्यासारखाच. ती मोठ्याने हसली. बाण सरळ केला, इंजिन खेळात घातलं, आधीच कक्षेत नेऊन ठेवलेल्या चाचणीच्या यानाला ते जोडलं आणि जाळ लावला.

नोझलमधून फिकट निळी जीभ बाहेर आली. आता फिरेल. दर वेळी इथेच आधी नाक जरासं झुकायचं, मग... नाक झुकलं नाही. खाली ग्रहाची कड हळूहळू सरकत होती, आणि यान तसंच, सुतात, ताठ.

"काही होत नाहीये," नवरा म्हणाला.

"हेच तर!" ती ओरडलीच. "अरे, हेच तर! काही होत नाहीये!"

त्याने स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसला. तिने फाइल दाढीवाल्याला पाठवली, सोबत एकच ओळ: आता उडतं.

"इतके दिवस हे करत होतीस?"

"हं."

"मला बोलली नाहीस."

"तू हसला असतास."

"हसलोच असतो," तो म्हणाला. पण हसला नाही; पुढे वाकून नोझल बघत राहिला. तिने तिरक्या नजरेने बघितलं. थोडं दुखावल्यासारखं होतं का ते तोंड? होतं. आणि तरीही डोळे पडद्यावरून हलत नव्हते. "या खाचा कशाला?"

तिने सांगितलं. मग बाणाचं सांगितलं, मग जबड्याचं, मग सरांना मारलेल्या दाढेच्या थापेचं, सगळं उलटसुलट, एकात एक, आणि सांगताना ते केवढंसं झालं नाही. उलट खोलीत मावेना. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे लिफ्टचा दोर मधोमध नसला तर पिंजरा कसा घासत जातो," आणि ती म्हणाली, "तसंच, अगदी तसंच," जरी ते अगदी तसंच नव्हतं.

"आणि हे निघालंय कुठे?" त्याने विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

कुठे? यान नेहमी इथवर आणायचं, जाळ लावायचा, ते फिरायचं, की पुसून टाकायचं आणि नव्याने सुरू — कुठे असं कधी आलंच नव्हतं. तिने नकाशा उघडला. वाटेची रेषा ग्रहाभोवती गोल होती, आणि इंजिन इतकं हळू ढकलत होतं की ती फुगतेय हे बघताना कळत नव्हतं. जरा नजर काढून परत लावली की कळत होतं. टाकी जवळजवळ भरलेली. बोट कळीवर होतं, दाबलं की जाळ बंद. आता बंद करायला काहीच हरकत नव्हती, चाचणी संपली होती. ती दाबत नव्हती. सकाळची ती खुशी, उत्तर हातात असल्याची, मुठीत घट्ट धरण्यासारखी, कुठे गेली कळेना; तिच्या जागी काहीतरी दुसरं आलं होतं, धरता न येण्यासारखं, जरासं भीतीसारखंही...

नकाशा ती आणखी लांबून बघू लागली. ग्रह लहान झाला, मग ठिपका झाला, आणि भोवती इतर कक्षा दिसू लागल्या, ज्यांची नावंही तिने कधी नीट वाचली नव्हती.

"अगं, कुठे?"

"सांगते," ती म्हणाली, आणि सगळ्यात लांबच्या कक्षेचं नाव वाचायला पुढे वाकली.