ओळख परेडीची रांग

पोलीस ठाण्यात आमच्या वस्तीतली मी एकटीच. वस्तीत पोलिसातली मी एकटीच. इकडे वस्तीतला कुणी पकडला गेला की सगळे म्हणतात "तुमची माणसं", तिकडे मी दिसले की गप्पा बंद. डबासुद्धा खिडकीशी एकटीच खाते. सवय होते म्हणतात. डोंबल होते!

त्या दिवशी दुकानफोडीच्या संशयावरून वस्तीतल्या एका प्लंबरला आणलं होतं. तो रडत सांगत होता, मी नव्हतो हो. दुकानाच्या मालकीणबाईंनी चोराला रात्री पळताना पाहिलेलं, म्हणून ओळख परेड ठरली. जाऊन बघते तर काय, मधोमध दाढी वाढलेला प्लंबर आणि दोन्ही बाजूंना आमचेच शिपाई, साध्या कपड्यांत, गुळगुळीत दाढ्या केलेले. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, ही काय परेड झाली? कुणीही ह्याच्याकडेच बोट दाखवेल. हकनाक आत जाईल बिचारा."

"मग आण तुझ्या वस्तीतली माणसं," साहेब म्हणाले. "बाई यायच्या आत. नाहीतर हीच रांग चालेल."

वस्तीत पोचले तर दारं धडाधड लागली. "पोलिसांच्या रांगेत उभं राहू? वेड लागलंय का हिला?" शेवटी दादाच्या दारात गेले. मी वर्दी घातल्यापासून सख्ख्या भावानं अबोला धरलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि शेजारच्या चौघांना हाक मारली. वाटेत माझ्याशी चकार शब्द नाही. तरी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नवी रांग लागली. बाई प्लंबरसमोरून सरळ पुढे गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या दादासमोर थांबल्या.

"हाच तो. शंभर टक्के."

मला हसूच फुटलं. "बघा साहेब! हा माझा भाऊ, आत्ता घरून आणलाय. बाईंना आम्ही सगळे सारखेच दिसतो."

प्लंबरला सोडलं. साहेब मात्र हसले नाहीत. दादाला बाकावर बसवून त्यांनी विचारलं, "त्या रात्री कुठे होतास रे?"

"घरीच होतो." साहेबांनी विश्वास न बसल्यासारखी मान हलवली. तेव्हा दादा माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तू तरी सांग ना गं ह्यांना."

मी सांगायला पुढे झाले खरी. त्या रात्री माझा भाऊ कुठे होता, हे मला कुठून ठाऊक असणार?