वाटेत न लागणारं न्यू मार्केट

भोपाळच्या विमानतळावर मला घ्यायला कोणी आलं नव्हतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या सुमनताईचं घर म्हणजे पाहुण्याला आणायला स्वतः जाणारं घर. नीळकंठ भाऊजी कारखान्यात होते तेव्हा शिफ्ट बदलून स्टेशनवर यायचे. निवृत्त झाल्यावर तर गाडी येण्याच्या कितीतरी आधी प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत असायचे. एकदा पायाला प्लास्टर होतं तरी रिक्षात बसून आले होते आणि वर माझी बॅग उचलायला निघाले होते. अशा माणसाचा एकुलता एक मेहुणा आज जन्मात पहिल्यांदा विमानाने आला होता, आणि बाहेर टॅक्सीवाल्यांशिवाय कुत्रं नव्हतं.

तसा संशय सकाळपासूनच होता. भाचा मंदारचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी चहा पीत होतो. तो म्हणाला, "मामा, आईला जरा बरं नाही. घाबरण्यासारखं काही नाही, पण जमलं तर आजच निघ." बोलत होता तोही दबक्या आवाजात. मग जरा थांबून म्हणाला, "आणि येताना न्यू मार्केटमधून आईसाठी एक साडी घेऊन ये. तूच घे." मी म्हटलं, ताईला फोन दे. तर म्हणे झोपली आहे. विमानाचं तिकीट काढून मी पुन्हा फोन केला, तेव्हाही ती झोपलेलीच होती. आता आमची ताई दिवसा झोपणाऱ्या बायकांना नावं ठेवते. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसते, आडवी होत नाही.

माझी सारी नोकरी विमा कंपनीत झाली, दाव्यांच्या छाननीत. मेलेला माणूस खरोखर मेला आहे का, हे बघायचं काम. लोक काय सांगतात यापेक्षा काय सांगायचं टाळतात ते ऐकायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. माझी बायको वसुधा म्हणते, तुम्ही देवळातला अंगारासुद्धा हुंगून बघाल. पण त्या दिवशी तीही गप्प झाली. साडी म्हटल्यावर तिच्याही लक्षात आलं होतं.

आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर कोणी देत नाही. 'जरा बरं नाही, ये' एवढंच सांगतात. माणूस प्रवासात एकटा असतो, त्याला धक्का नको, म्हणून. आई गेली तेव्हा मीच ताईला असा फोन केला होता, आईला आतल्या खोलीत ठेवलेलं असताना. आणि साडीचं म्हणाल तर सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची असते. हिरवी असते. ती माहेरच्या माणसाने आणायची. ताईच्या माहेरी आता मी एकटाच उरलो आहे.

वसुधा म्हणाली, मंदारला सरळ विचारा ना. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

टॅक्सीवाले मागे लागले होते. एकाने अयोध्या नगरचा भाव सांगितला आणि वर म्हणाला की बायपासने लगेच पोहोचवतो. खरंच आहे ते. विमानतळावरून ताईच्या घरी जायला न्यू मार्केट वाटेत लागतच नाही. ते शहराच्या पार मध्यात, टी. टी. नगरला. ताईला नुसती साडी हवी असती तर अयोध्या नगरात काय साड्यांची दुकानं नाहीत? पण न्यू मार्केट हे तिचं ठरलेलं. मुंजीची खरेदी तिथे, लग्नाची तिथे, दिवाळीची तिथे. तिच्या घरच्यांनी हा शेवटचा आहेरही तिथलाच असावा असं ठरवलेलं दिसत होतं.

मी टॅक्सी केली नाही. ई-रिक्षाने मेन रोडपर्यंत आलो आणि बस स्टॉपवर उभा राहिलो. तिथल्या माणसाला विचारलं, न्यू मार्केटची बस इथेच थांबते ना, तर तो म्हणाला की थांबते, पण वेळ लागेल, रिक्षा कर. मला वेळच लागायला हवा होता. मी पोहोचेपर्यंत ताई जिवंत होती. हे मी स्वतःशी शब्दांत म्हटलं आणि मग रस्त्याच्या कडेला उगाच घसा खाकरत बसलो.

बस आली. लाल, अर्धी भरलेली. कंडक्टरला मी न्यू मार्केटचं तिकीट मागितलं, आणि कुठून जाणार तेही विचारलं, कारण हे लोक परगावच्या माणसाला भलतीकडे उतरवतात. तो म्हणाला, "लालघाटी, तालाब, पॉलिटेक्निक, रोशनपुरा. बैठ जाओ अंकल, मैं आवाज दे दूँगा." मी तरी मोबाईलवर नकाशा लावून ठेवला. बस एकदा पेट्रोल पंपाशी वळली तेव्हा उठूनही उभा राहिलो होतो. ती नुसती खड्डा चुकवत होती.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर मेथीची पिशवी. त्यांनी विचारलं, कुठून आलात, कोणाकडे चाललात. मी तुटक उत्तरं दिली. अनोळखी माणसाला बहिणीचा पत्ता कशाला सांगायचा? तेवढ्यात मंदारचा फोन आला. त्याच्या आवाजामागे खूप माणसं होती. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली, "सतरंजी इकडे घाला, इथे जागा करा." मी विचारलं, घरात कोण कोण आहे? मंदार म्हणाला, कॉलनीतले आहेत, तू ये, मग बोलू. साडी घेतलीस का, हे मात्र त्याने आठवणीने विचारलं.

फोन ठेवल्यावर मेथीवाल्या बाईंनी मला खिडकीची जागा दिली. काही न विचारता उठल्या आणि म्हणाल्या, "हवा लगेगी, भैया." लोक उगाच चांगले वागायला लागले की मला जास्त भीती वाटते.

खिडकीतून मोठा तलाव दिसू लागला. बसमधले सगळे तिकडे बघत होते, रोज बघत असतील तरी. लग्न होऊन ताई इथे आली तेव्हा मी शाळेत होतो. सुटीत आलो की ती मला काठावर नेऊन बसवायची आणि पत्रात लिहायला काही राहू नये म्हणून आईची एकेक गोष्ट विचारून घ्यायची. ती माहेरी फार कमी आली. भाऊजींना रजा नसायची, मग मंदारची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. मीच इथे यायचो आणि तिच्या हातचं खाऊन, झोपून, परत जायचो. मला ती हवी होती. त्या बसमध्ये मला ती इतकी हवी होती की मी पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता.

रोशनपुऱ्याच्या चढावर कंडक्टरने खरंच आवाज दिला. मी उतरलो आणि बाजारात शिरलो. संध्याकाळची वेळ होती, बायका पोरांना ओढत चालल्या होत्या, पाणीपुरीच्या गाडीभोवती कोंडाळं होतं. मी पहिल्याच बऱ्या दुकानात चढलो. दुकानदाराने गादीवर बसवलं, पाणी मागवलं आणि चमकणाऱ्या साड्या उलगडायला सुरुवात केली. मी सांगितलं, हिरवी दाखवा, साधी. त्याने विचारलं, लग्नाची आहे का? नाही. डोहाळजेवणाची? नाही. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, चमकणाऱ्या साड्या बाजूला सारल्या आणि काही न बोलता आतून एक गडद हिरवी सुती साडी आणली, बारीक काठाची. किंमतही आपणहून कमी केली. न्यू मार्केटमधला दुकानदार आपणहून किंमत कमी करतो? त्यालासुद्धा कळलं होतं. साऱ्या गावाला कळलं होतं, फक्त मला तोंडाने कोणी सांगत नव्हतं.

तिथून अयोध्या नगरला मात्र मी रिक्षा केली. आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. अशोका गार्डनपाशी गर्दीत अडकलो असताना मंदारने पुन्हा विचारलं, "मामा, कुठवर आलास? सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

माहेरचं माणूस येईपर्यंत थांबतातच. मी म्हटलं, येतोच आहे, आणि पिशवी छातीशी धरली.

ताईच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता. बायकांच्या, पुरुषांच्या, एकमेकींवर चढलेल्या. आवाज कसलाच नव्हता. शेजारचे एक सरदारजी पुढे आले, माझ्या हातातली बॅग घेतली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आइए भाई साहब, अंदर आइए." भाऊजी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. मला बघून उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत या माणसाने नमस्कारापलीकडे मला कधी जवळ घेतलं नव्हतं.

"अंबरीश आला का?" आतून आवाज आला. "त्याला म्हणावं जाळीचं दार लावून घे, मच्छर येतात."

मी दार लावलं नाही. दाराची चौकट धरून उभा राहिलो. ताई दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती, वाळलेली, पण केस चापून बसवलेले आणि कपाळावर मोठं कुंकू. समोर सतरंजीवर कॉलनीतल्या बायका पोथ्या मिटून बसल्या होत्या. विष्णुसहस्रनाम म्हणून झालं होतं आणि आरती माझ्यासाठी थांबली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. झडप बदलायची होती. रात्री तिला दवाखान्यात दाखल करायचं, म्हणून शेजारपाजार भेटायला लोटला होता.

मला रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. मी मंदारवर तोंड सोडलं. ऑपरेशन आहे असं सांगायला जीभ झडली होती का? तो बिचारा म्हणाला की आईनेच बजावलं होतं, मामाचं बीपी वाढतं, विमानात एकटा असेल, त्याला फोनवर काही सांगायचं नाही. आणि ताई फोनवर आली नाही, कारण मी दोन प्रश्नांत तिच्याकडून सगळं काढून घेतलं असतं.

आरती झाली. बायका तिच्या पाया पडून, काही तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. मग ताईने पिशवी मागितली.

द्यायची नव्हती मला. पण तिने हात पुढे केला होता. तिने साडी मांडीवर घेतली, उलगडली, हिरवा रंग दिव्याकडे धरून पाहिला. मग आतल्या काठावरून बोटं फिरवत गेली आणि थांबली.

"फॉल नाही लावून घेतलास?"

दुकानदाराने विचारलं होतं. इथेच लावून देतो, जरा बसा, म्हणाला होता. मी नको म्हटलं होतं. जी साडी दोन तासांत जाळायची तिला फॉल कशाला, असं मी त्या गादीवर बसून खरोखर मनात म्हटलं होतं. ताईने माझ्याकडे बघितलं. साडीकडे बघितलं. नात्यात, कॉलनीत गेलेल्या किती बायकांना अशा साड्या तिने स्वतःच्या हातांनी नेसवल्या होत्या, तिला काय समजावायचं?

"मी गेले असं वाटलं तुला," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता छाती धरली, तेव्हा भाऊजी पाणी घेऊन धावले.

मी म्हटलं, मग साडी मागवलीस कशाला? अशा वेळी कोणी मागवतं का?

"अरे, कधीतरी तू आणणारच होतास," ताई म्हणाली. "तेव्हा मला कुठे दिसली असती? म्हटलं, माझा भाऊ काय पसंत करतो ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं."

भाऊजी भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, ताई, ही नको, मी उद्या जातो आणि बदलून आणतो, तू रंग सांग, जांभळी आणतो, काठापदराची आणतो.

"राहू दे रे. छान आहे," ती साडीची घडी घालत म्हणाली. "दवाखान्यातून परत आले तर नेसेन. नाही आले तर तुला पुन्हा बाजारात जायला नको."

मी तिच्या मांडीवरून साडी उचलली आणि मंदारला विचारलं, कॉलनीत फॉल लावून देणारं कोणी आहे का. तो म्हणाला, मागच्या गल्लीत एक आहेत, पण मामा, आत्ता?

"आत्ताच," मी म्हणालो आणि चपला शोधायला बाहेर आलो.