पाठ शिवलेला हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. दुकानाच्या काचेमागे तुम्हाला दिसतात त्या माझ्या बहुतेक भाऊबंदांच्या वाट्या बाहेरून बंद असतात. माझ्या वाट्यांना मात्र बाहेरून बारीक जाळी आहे. आतला पडदा थरथरला की आवाज ऐकणाऱ्याच्या कानात जातो आणि थोडा जाळीतून बाहेरही सांडतो. त्याच जाळीतून बाहेरचा आवाज आत येतो. अशा हेडफोनला उघड्या पाठीचा म्हणतात. आगगाडीत किंवा वाचनालयात तो कामाचा नाही, शेजारचा माणूस वैतागतो. घरात बसून ऐकायला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, समोरच्या खोलीत कोणी गात बसल्यासारखं वाटतं.

मला एका कारखान्यात बायकांनी हाताने जोडलं. एकीने पडदा बसवला, दुसरीने तारा डाख देऊन जोडल्या, तिसरीने जाड मखमली गाद्या चढवल्या. शेवटी एका तपासनिसाने मला कानांवर घेऊन डोळे मिटले आणि मान डोलावली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मला ज्यांनी विकत घेतलं, ते सोफे, खुर्च्या आणि मोटारींच्या सीटा शिवून देत. गल्लीत सगळे त्यांना कुशनकाका म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. हवेच्या दाबावर चालणारी पिना मारायची बंदूक त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कानाजवळ चालवली होती. त्यामुळे बारीक, टोकदार आवाज त्यांच्या कानांतून गेले होते. चमचा पडला, घंटी वाजली, त्यांना पत्ता नसे. खालचे जाड सूर तेवढे शाबूत होते. म्हणून त्यांना बेस हवा असे. त्यांच्यासाठी गाण्यात तेवढंच उरलं होतं.

दुकानात ते लेकीला घेऊन आले होते.

"बेस पाहिजे," काका म्हणाले. "पोटात धडकला पाहिजे."

"मग बंद पाठीचा घ्या," दुकानदाराने एक काळाकुट्ट डबा पुढे सरकवला. "हा म्हणजे कानात भूकंप!"

"भूकंप नको," लेक म्हणाली. "उघड्या पाठीचा दाखवा."

"ताई, उघड्या पाठीत बेस थोडा कमीच लागतो."

"लागू दे. आईची हाक ऐकू आली पाहिजे."

दुकानदाराने काळा डबा मागे घेतला. काका खाली बघू लागले. मित्रांनो, त्या हाकेमागची गोष्ट अशी होती. काकू मोठ्या आजारातून उठल्या होत्या, पण पायांतलं बळ गेलं होतं आणि छातीत दम उरला नव्हता. त्यांचा आवाज विरलेल्या कापडासारखा झाला होता. पाणी हवं असलं, उठून बसायचं असलं, तरी हाक मारण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. लेक दूरच्या गावी राहायची. तिला आईला स्वतःकडे न्यायचं होतं. काकूंना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं आणि काकांना काकूंना सोडायचं नव्हतं. मी बघतो तिच्याकडे, असा शब्द त्यांनी लेकीला दिला होता.

"बाबा, आत्ताच सांगून ठेवते," लेक म्हणाली. "एकदा जरी तिने हाक मारली आणि तुम्हाला कळलं नाही, तर मी तिला घेऊन जाणार. मग माझ्याशी भांडायचं नाही."

"वकील व्हायला हवी होतीस तू."

"मी मुलगी आहे तेवढं पुरे आहे."

दुकानदाराने पहिला उघडा हेडफोन दिला. काकांनी थोडा वेळ ऐकून तो काढून ठेवला. "आत डास बसवलाय का?" दुसरा इतका जड होता की त्यांची मान कलली. मग मी. माझा पडदा मोठा आणि गाद्या जाड. काकांनी ऐकलं, ओठ दुमडले.

"चष्मा काढा," दुकानदार म्हणाला. "दांडीमुळे गादी कानाभोवती नीट टेकत नाही. फट राहिली की बेस निसटतो."

काकांनी चष्मा काढला. गाद्या चहूबाजूंनी टेकल्या आणि माझ्या पडद्यातला खालचा सूर त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांचा हात आपोआप टेबलावर ठेका धरू लागला. तेवढ्यात लेक मागे दारापर्यंत गेली आणि अगदी हळू म्हणाली, "अहो."

काका वळले. "आईसारखी हाक मारतेस होय गं?"

"हाच द्या," लेक दुकानदाराला म्हणाली.

त्या घरातली माझी सुरुवातीची वर्षं सुखाची होती. पुढच्या खोलीत काकांचं काम चालायचं, आतल्या खोलीत काकू पडून असायच्या, मधलं दार सताड उघडं. पिनांची बंदूक काकांनी बंद केली होती. आता ते फक्त हातशिलाईची कामं घेत. मांडीवर खुर्चीची बैठक, बोटांत वाकडी सुई आणि कानांवर मी. काकूंची हाक माझ्या जाळीतून आत शिरायची आणि काका सुई टोचून ठेवून उठायचे. ती हाक कधी वाया गेली नाही.

माझ्या पाठीतून सांडणारं गाणं काकूंपर्यंत जायचं. बेस तिथवर पोचत नसे, पोचायचा तो फक्त वरचा, सायीसारखा पातळ आवाज. काकांना जे ऐकू येत नसे, नेमकं तेवढंच काकूंना ऐकू येई. एक गाणं ते दोघं अर्धं अर्धं ऐकत होते.

"अहो, या बाईचा गळा काय सुरेख आहे!" काकू म्हणत.

"कोणत्या बाईचा?" काका हेडफोन सरकवून विचारत. "यात बाई आहे?"

"धन्य आहे तुमची! इतके दिवस ऐकताय ना ते?"

"मी तर ढोलवाल्यासाठी ऐकतोय."

काकू हसत, मग खोकत, मग काका पाणी घेऊन जात. मित्रांनो, माझ्याकडून यापेक्षा जास्त कुणी काय मागावं?

पण रोज वापरली जाणारी वस्तू झिजते. माझ्या गाद्या वरून जशाच्या तशा दिसत होत्या, मखमल कुठे उसवली नव्हती. आतला फोम मात्र बसला होता. गादी कानाभोवती टेकेना, फट पडू लागली आणि बेस तिथून निसटू लागला. काकांनी चष्मा काढला, तरी फरक पडला नाही. आवाज वाढवला, तरी पोटात काही धडकलं नाही. मी माझ्या परीने पडदा हलवत होतो, पण काकांपर्यंत काही पोचत नव्हतं. त्यांचा ठेका थांबला. कधी कधी ते मला कानांवर घेऊन नुसतेच भिंतीकडे बघत बसत.

"याचा जीव गेलाय," एकदा ते काकूंना म्हणाले. "का माझेच कान गेले, कळत नाही."

"लेकीला विचारा की."

"नको. कानाचं बोललो की ती गाडी घेऊन येईल."

खरं भय ते होतं. म्हणून त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मित्रांनो, हा माणूस आयुष्यभर लोकांच्या बैठकी अंगठ्याने दाबून सांगत आला होता की फोम बसला आहे, भरण बदलावं लागेल. गिऱ्हाईक म्हणायचं, वरून तर छान दिसतंय. काका म्हणायचे, वरून बघू नका, दाबून बघा. त्या माणसाने माझ्या गाद्या एकदाही दाबून पाहिल्या नाहीत. मी त्यांच्या लेखी विजेची वस्तू होतो. मलाही गाद्या आहेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्यांना आठवलं ते दुकानदाराचं बोलणं. उघड्या पाठीत बेस कमी लागतो. मग पाठ बंद केली तर?

त्यांनी रेक्झीनचे दोन गोल कापले. त्यांना आतून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लावला. जाळीवर गोंद फिरवला, गोल बसवले आणि कडेने वाकड्या सुईने इतके बारीक टाके घातले की शिवण शोधूनही सापडू नये. हे सगळं त्यांनी जीव लावून केलं. टाके घालताना ते गुणगुणतही होते.

मग त्यांनी मला कानांवर चढवलं. जे ऐकू आलं तो बेस नव्हता, डब्यात कोंडलेला घुमारा होता. पण किती दिवसांनी काहीतरी जाड, मोठं त्यांच्या डोक्यात घुमलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. हात पुन्हा ठेका धरू लागला.

एक गिऱ्हाईक स्टूल घ्यायला आलं होतं, ते म्हणालं, "काका, तुम्ही हेडफोनलाही सोफा केलात की!"

"आपलं काम आहे," काका म्हणाले. इतकं कौतुक मला कारखान्यातही मिळालं नव्हतं.

त्याच दिवशी आतून काकूंचा आवाज आला. "अहो, आज गाणं नाही लावलंत?"

गाणं चालू होतं. पण ते आता बाहेर सांडत नव्हतं, आणि काकूंचा प्रश्न माझ्या पाठीशी येऊन थांबला. आत यायला त्याला वाट नव्हती. काका ठेका धरून बसले होते. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. हाक मारायची, वाट बघायची, मग पुन्हा मारायची. काका मधूनमधून स्वतःहून आत डोकावत, तेव्हा काकू म्हणत, "केव्हाची हाक मारतेय."

"आत्ताच तर आलो होतो."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते काकांनी दाबून पाहिलं नाही. काकूंनीही लेकीला फोनवर काही सांगितलं नाही. त्यांनाही घर सोडायचं नव्हतं ना.

मग ती दुपार आली. काका एका मोठ्या खुर्चीची पाठ शिवत होते. काकूंचा पाण्याचा पेला रिकामा झाला होता. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. प्रत्येक हाक माझ्या शिवलेल्या पाठीवर येऊन विरत होती. माझ्या आत ढोल चालले होते. अखेर काकूंनी पलंगाच्या कडेला धरून पाय खाली सोडले. एवढंच करायचं होतं त्यांना, पेला घेऊन दारापर्यंत यायचं, म्हणजे काकांना दिसेल.

त्या पडल्याचा आवाजही काकांपर्यंत गेला नाही.

खुर्ची न्यायला आलेलं गिऱ्हाईक बाहेरच्या दारातून धावत आत आलं आणि त्याने काकांचा खांदा हलवला. काकांनी मला खाली ओढलं.

"काका, आत कुणीतरी हाका मारतंय! मला दाराबाहेर ऐकू येतंय!"

काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. लेक त्याच संध्याकाळी आली. दवाखान्यातून काकूंना घरी आणलं ते फक्त सामान भरण्यापुरतं. चाकाच्या खुर्चीत त्या दारापाशी बसल्या होत्या. लेकीने मला टेबलावरून उचललं, पाठीवरून बोट फिरवलं आणि तिला सगळं समजलं. मग तिने सवयीने गादी चिमटीत धरून दाबली. शेवटी कुशनवाल्याची पोर ती.

"बाबा, फोम बसलाय हा."

काका पुढे आले. त्यांनी अंगठा ठेवला, दाबला. गादी दबली आणि वर आलीच नाही. त्यांनी दुसरी दाबली. 

"एवढंच बदलायचं होतं?"

"एवढंच."

"बदलतो की. आत्ता बदलतो, फोम घरातच आहे." त्यांनी घाईघाईने कात्री घेतली आणि माझ्या पाठीवरचं रेक्झीन उसवायला लागले. "पाठ मोकळी करतो. मग राहील ना ती इथं?"

"बाबा, आता हेडफोनचा प्रश्न राहिला नाही."

"तू थांब. अगं, तू सांग तिला," काका काकूंकडे वळले. "तू सांगितलंस तर ऐकेल ती."

काकूंचे ओठ हलले. काकांना कळलं नाही. ते खाली वाकले, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. काकू पुन्हा म्हणाल्या, "हाका मारून दमले हो मी. जाऊ दे मला."

हे मात्र त्यांना ऐकू आलं.

गाडी गेल्यावर काकांनी काम अर्धं सोडलं नाही. रेक्झीन काढलं, नमदा काढला, जाळीच्या भोकाभोकातला गोंद सुईच्या टोकाने उकरून काढला. मग उत्तम फोम कापला, घरातली सगळ्यात चांगली मखमल घेतली आणि माझ्यासाठी नव्या गाद्या शिवल्या. मित्रांनो, कारखान्यातल्यापेक्षा त्या चांगल्या आहेत. माझा बेस आता पूर्ण भरून येईल, जसा दुकानात आला होता तसा. येईल म्हणतो, कारण तो अजून कुणी ऐकलेला नाही. गाद्या चढवून काकांनी मला फोमच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवून दिलं. ते आता गाणं न लावता शिवतात. मधलं दार तसंच सताड उघडं असतं.

मित्रांनो, हेडफोन निवडताना तो कसा वाजतो एवढंच बघू नका, तो कानांवर असताना तुम्हाला आणखी काय ऐकू यायला हवं तेही बघा. निवडल्यावर त्याची काळजी घ्या. वस्तू बिघडली की ती जिथे झिजली आहे तिथे दुरुस्त करा, दुसरीकडे ठिगळ लावू नका. आणि कळत नसेल तर विचारा, विचारायची भीती वाटत असली तरी विचारा. हे सगळं मला फार आधीपासून माहीत होतं. पण ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना माझ्यातून फक्त गाणी ऐकू यायची.