बियांपासून केलेलं झाड

तपासनीस बाईंनी खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती वीतभर उकरली आणि हात थांबवला.

"काका, हे झाड बियांपासून केलंय म्हणालात ना?"

"म्हणालात काय, केलंयच! हजार बिया पेरल्या, त्यातलं हे एक ठेवलं."

तीस वर्षं काका हेच सांगत आले होते. नासपतीची ही जात त्यांची स्वतःची. आज तिची सरकारदरबारी आपल्या नावानं नोंद झाली की आपण मरायला मोकळे, असं ते सकाळपासून तीनदा म्हणाले होते. मुलीनं तिन्ही वेळा विषय बदलला होता.

"मग याला कलमाचा सांधा कसा?"

काका हसले. जन्मभर कलमं बांधणाऱ्याला ही कालची पोर सांधा दाखवायला निघाली! गुडघे टेकून ते खड्ड्यात वाकले आणि त्यांचं हसू मावळलं. साल खाली एका रंगाची होती, वर दुसऱ्या. मधे तिरकी, फुगीर रेघ.

"पानांच्या तपासणीचा अहवालही आलाय," बाई चाचरत म्हणाल्या. "जात जुनीच आहे. दोन-चार देशांत बागाच्या बागा आहेत हिच्या."

काकांनी मुलीकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"झाडाला अजून फळ धरलं नव्हतं, त्या हिवाळ्यात तुम्ही हॉस्पिटलात होतात, बाबा. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि तुम्ही रोज एकच विचारायचात, माझं झाड कसंय? ते गारठून मुळासकट गेलं होतं. आईनं त्या जागी जंगली नासपतीचं रोप लावलं, दूरच्या एका बागेतली काडी आणून त्यावर कलम बांधलं. मी नऊ वर्षांची होते. पट्टी मीच धरली होती. तुम्ही घरी आलात तेव्हा ती म्हणाली, झाड पुन्हा फुटलंय."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तिनं शपथ घातली होती. ती गेल्यावर सांगणार होते. धीरच झाला नाही."

बाईंनी फाइल मिटली. "अर्ज मागं घ्यायचा का, काका?"

काकांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा, अगदी सावकाश.

"कुठं फट नाही," ते म्हणाले. "इतकं सफाईदार मलाही जमलं नसतं."

मुलगी त्यांना उठवायला पुढं झाली. त्यांनी हातानंच थांबवलं.

"अख्ख्या गावाला कलम शिकवलं मी. तुझ्या आईनं दोनदा कलमाचा चाकू मागितला होता. बायकांचं काम नाही, म्हणालो."